मनमिळाऊ नव्हती सुमनबाई

आमच्या सोसायटीत खाली लिफ्टच्या बाजूला एक काळा फळा आहे. पाणी कधी येणार नाही, मेंटेनन्स कोणाचा थकलाय, ते त्याच्यावर लिहितात. परवा त्याच्यावर सुमनबाई पाटकर वारल्याचं लिहिलेलं. वर रंगीत खडूनं फुलं काढलेली. खाली मजकूर, ‘मनमिळाऊ, मितभाषी आणि सर्वांच्या लाडक्या सुमनताईंना भावपूर्ण आदरांजली.’

मी दूध आणायला निघालेलो. पिशवी हातात घेऊन तिथंच उभा राहिलो. डोकं सणकलं.

कोण मनमिळाऊ? ह्या बाईचं बिल्डिंगमधल्या एका माणसाशी पटत नव्हतं. आणि मितभाषी म्हणाल तर दुसऱ्या मजल्यावर बोलली की गेटवरचा वॉचमन ‘हां बाई’ म्हणायचा. लाडकी कोणाची होती तेही सांगा. ज्या सेक्रेटरीनं हे लिहिलं, त्यानंच तिच्याविरुद्ध सह्या गोळा केलेल्या. माणूस मेलं की त्याला साखर फासायची ही कुठली रीत? माझी बायको इंदू गेली तेव्हाही ह्याच फळ्यावर हेच शब्द होते. नाव पुसून दुसरं घालायचं, झालं काम.

माझं शिक्षण चौथी. हात कंपनीत पाइप आवळण्यात गेले, लिहिण्यात नाही. पण खोटं वाचून गप्प बसवत नाही म्हणून लिहितोय. सुमनबाई खरी कशी होती ते दोघांना माहीत होतं. त्यातली इंदू गेली. राहिलो मी.

सुमनबाई आमच्या समोरच्या दारात राहायची. उंच, हाडकुळी, मनगटावर पुरुषी घड्याळ. ठाण्याला एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. रिटायर झाली, पण कानावरचा फोन काही उतरला नाही. बेल वाजवली की दार उघडून ‘या’ नाही, ‘कोण’ नाही. ‘बोला.’ बोलणं झालं की ‘बसा’ नाही, ‘येते’ नाही. ‘ठेवते.’ आणि दार बंद. कोणी पाल्हाळ लावलं तर ‘आवाज तुटतोय तुमचा’ म्हणायची आणि आत जायची. लग्न का केलं नाही, असं तळमजल्यावरच्या एका बाईनं तिला विचारलेलं, हळदीकुंकवाला, चारचौघींत. तर म्हणते कशी, ‘सगळे राँग नंबर लागले. तुम्हालाही लागलाच की, पण तुम्ही बोलत राहिलात.’ ती बाई पुढे कधी हळदीकुंकवाला आली नाही. इंदू घरी येऊन हसत होती. मला नाही आवडलं ते. बाईनं एवढं तोंड टाकू नये असं मी म्हणालो, तर इंदू म्हणाली, ‘तिनं विचारलं कशाला?’

माणसांशी अशी, आणि मांजरांशी वेगळी. संध्याकाळ झाली की सुकटीचा डबा घेऊन खाली उतरायची. गेटजवळ मांजरं आधीच बसलेली असायची. त्यांच्याशीही गोड बोलायची नाही. ‘तू मागच्या वेळी पहिला होतास, मागे हो,’ असं एखाद्या बोक्याला सांगायची आणि बोका मागे व्हायचा. मी डोळ्यांनी बघितलंय.

लिफ्टमध्ये सुकटीचा वास राहायचा, ते खरं. मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाला, ‘मॅडम, आम्हाला त्रास होतो. आमच्याकडे शाकाहार आहे.’

सुमनबाई बसल्या जागेवरून म्हणाली, ‘मग रविवारी मार्केटात बोंबीलवालीसमोर तोंडाला रुमाल बांधून कोण उभं असतं? तुमचा भाऊ का?’

सगळी मीटिंग हसली. सेक्रेटरीची बायको तेवढी नाही हसली. त्यानंतर सह्या निघाल्या. गेटच्या आत मांजरांना खायला घालायचं नाही, असा ठराव झाला. मी सही केली नाही. त्यात माझं काही मोठेपण नाही. इंदू म्हणालेली, ‘सही करा आणि उद्यापासून जेवायलाही सेक्रेटरीकडे जा.’ सुमनबाई मग गेटच्या बाहेर रस्त्यावर उभी राहून घालायला लागली. हे लक्षात ठेवा. पुढे येणार आहे.

आमच्या घरातली ठमी इंदूची. मीटरच्या खोक्यात सापडलेलं करड्या रंगाचं पिल्लू होतं, मोठं झालं. मला मांजराचा नाद नाही. ठमीलाही माझा नव्हता. ती इंदूच्या मागे मागे असायची आणि मी मधे आलो तर मला वळसा घालून जायची.

मागच्या श्रावणात इंदू गेली. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

आमच्यात तेराव्यानंतर गेलेल्या माणसाचे कपडे वाटून टाकतात. माझ्या वहिनीनं कपाट उघडलं आणि बायका एकेक साडी उचलायला लागल्या. ‘ही मला द्यायची सांगून गेलेली,’ ‘हिच्यावर माझा जीव होता.’ इंदूनं कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. मी खुर्चीत बसून बघत होतो. एक घरात नेसायचं निळं सुती पातळ तेवढं दिवाणावर होतं, शेवटी अंगावर होतं ते नाही, त्याच्या आदल्या दिवशीचं, न धुतलेलं. त्याच्यावर ठमी बसलेली. वहिनीनं ओढायला हात घातला तर ठमीनं तिला ओरबाडून रक्त काढलं. वहिनी म्हणाली, ‘मेल्या मांजरीला द्या सोडून कुठेतरी दिवा स्टेशनच्या पलीकडे.’ पातळ राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला ती मांजर बरी वाटली.

पण तिनं खाणं सोडलं. पातळावर बसून राहायची. दूध ठेवलं तर बघायची नाही. मासा आणला, नाही. डॉक्टरकडे नेली. तो म्हणाला, आजार काही नाही, खायला घाला. अरे बाबा, ती खात नाही म्हणूनच तर आणली. पाठीचा कणा हाताला लागायला लागला. माझ्या मनात एकच यायचं, ही पण गेली तर ह्या घरात इंदूला ओळखणारं कोणी राहणार नाही. मुलगा पुण्याला. तो फोनवर ‘बाबा, काळजी घ्या’ म्हणतो. कशी घ्यायची ते सांगत नाही.

सुमनबाईकडे आमची एक किल्ली असायची, इंदूनं दिलेली. एक दिवस ती दार उघडून सरळ आत आली. ठमीच्या वाटीकडे बघितलं, मग ओट्यावरच्या माझ्या ताटाकडे बघितलं.

‘कोण जेवत नाही? ती का तुम्ही?’

मी म्हणालो, ‘तुम्हाला काय करायचंय?’

‘ठेवते,’ म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीत पिल्लू. पिवळं, कानाएवढंच तोंड. त्याची आई टँकरखाली आलेली.

‘मला नको,’ मी म्हणालो.

‘तुम्हाला कोण देतंय? ठमीला आणलंय.’

‘तिला नको.’

‘ते ती सांगेल. साळवी, ती एकटी बसून मरणार आहे. घरात भांडायला तरी कोणी पाहिजे.’ पिशवी खाली ठेवली आणि गेली.

आता आमच्या खेडकडच्या गावात नवीन मांजर आणलं की त्याला चुलीभोवती फिरवतात, म्हणजे ते घर सोडत नाही. मला तेवढंच माहीत. आमचा गॅस भिंतीला टेकलेला, त्याच्या भोवती फिरणार कसं? म्हणून पिल्लालाच हातात धरून शेगडीवरून ओवाळलं, आरतीसारखं. आणि मग नेऊन ठेवलं दिवाणावर, ठमीच्या शेजारी, पातळावर. म्हटलं घरचं झालं.

ठमी दुप्पट फुगली. असला आवाज काढला की मी मागे सरलो. पिल्लाच्या नाकावर पंजा बसला, पिल्लू कपाटाखाली, ठमी कपाटावर, मधे मी. इंदूच्या फोटोचा हार खाली पडला. सुमनबाई आवाज ऐकून आली. मी ओवाळल्याचं सांगितलं तेव्हा तिनं डोक्याला हात लावला.

‘वरात काढायची राहिली का? तिच्या घरात माणूस मेलंय, आणि तुम्ही त्याच जागेवर नवीन आणून बसवताय. तिला काय वाटेल? तुम्हाला कोणी उद्या बायको आणून दिवाणावर बसवली तर चालेल?’

‘तोंड सांभाळा,’ मी म्हणालो.

‘सांभाळलंय, म्हणून एवढंच बोलतेय.’

मग तिनं कारभार हातात घेतला. पिल्लू स्वयंपाकघरात, ठमी बाहेरच्या खोलीत, मधलं दार बंद. दाराच्या अलीकडे एक वाटी, पलीकडे एक. ‘तोंड दिसता कामा नये, वास यायला पाहिजे. जेवताना रोज ज्याचा वास येतो त्याच्याशी मांजर फार दिवस वैर धरत नाही.’ मला स्वतःच्या घरात चहा करायला चोरासारखं दार फटीएवढं उघडून आत जावं लागायचं. सकाळ-संध्याकाळ ती यायची, वाट्या बघायची. पिल्लाची चाटून साफ. त्याला बारक्या म्हणायला लागलो. ठमीची वाटी भरलेली. सुमनबाई एक जुना टॉवेल घेऊन आली, बारक्याच्या अंगाला घासून ठमीच्या पुढ्यात टाकला. ठमीनं पुढच्या पंजानं माती ओढतात तसं करून दाखवलं. म्हणजे ही घाण आहे.

एका दुपारी मी बीपीच्या गोळ्या घेऊन घरी आलो. ठमी दिवाणावर होती, पण तिच्याखालचं पातळ लहान दिसलं. स्वयंपाकघरात सुमनबाई खाली बसलेली. तिच्यासमोर बारक्या, आणि बारक्याखाली इंदूचं पातळ. फाडलेलं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे.

मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. पुष्कळ बोललो. आवाज चढला की खोकला येतो, तरी बोललो.

ती उठली नाही. म्हणाली, ‘पदराकडचा तुकडा ठमीला ठेवलाय.’

‘विचारायचं होतं मला.’

‘विचारलं असतं तर दिलं असतंत?’

‘नाही.’

‘मग? टॉवेल करून बघितला. तिचा भरवसा ह्या एकाच कपड्यावर आहे. पिल्लाला इंदूचा वास लागला तर ते घरचं होईल. नाहीतर ती त्याला जवळ करणार नाही आणि वाटीलाही तोंड लावणार नाही.’

‘तुमचं कोणी नाही,’ मी म्हणालो. ‘तुम्हाला काय कळणार कापड म्हणजे काय ते. किल्ली ठेवा आणि बाहेर व्हा.’

तिनं किल्ली टीव्हीवर ठेवली. ‘ठेवते,’ म्हणाली. दार नेहमीसारखंच लावलं, आपटलं नाही.

आज ती नाही, तरी मी हेच म्हणतो, विचारायला पाहिजे होतं. माणूस मेलं म्हणून त्याचं चुकलेलं बरोबर होत नाही. त्या पातळात इंदूच्या डोक्याच्या तेलाचा वास होता, हळदीचा होता. तो माझा होता. फाडायचा तिला हक्क नव्हता.

दुसऱ्या दिवशी उठल्यावर बारक्याच्या अंगाखालून तो तुकडा मी हिसकला. बारक्या ओरडत राहिला. रागारागानं तुकडा बाहेरच्या खोलीत दिवाणावर फेकला, दुसऱ्या अर्ध्यावर. ठमी मागे सरली. मग मान लांब करून हुंगायला लागली. एका कोपऱ्यापासून सुरू केलं ते दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, पोस्टमन पत्ता वाचतो तसं. मधे एकदा फिसकारली. पुन्हा हुंगलं. शेवटी दोन्ही तुकड्यांवर आडवी झाली आणि त्या घाणेरड्या तुकड्यावर हनुवटी टेकवली. संध्याकाळी दारापाशी चप चप आवाज आला. बघतो तर वाटीत तोंड. थोडंच खाल्लं, पण खाल्लं. मी खाली जमिनीवर बसलो. गुडघे दुखतात, एरवी बसत नाही.

हे सुमनबाईला सांगायला गेलो नाही. का जाऊ?

पण त्याच दिवशी जेवणाच्या वेळेला भाकरीचा वास आला. दार उघडलं तर उंबऱ्यापाशी डबा. आणि समोर सुमनबाईचं दार सताड उघडं, ती स्वतःच्या उंबऱ्याच्या आत पाटावर बसून ताटात जेवतेय. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी दार लावलं. डबा बाहेरच राहिला, तिनं तो रात्री उचलला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा, पुन्हा ती पाटावर. त्या दिवशी सुकटीची चटणी होती. मी डबा आत घेतला आणि दार फटीएवढं उघडं ठेवून आतल्या बाजूला खाल्लं. पलीकडून आवाज आला, ‘खाल्लं का?’

‘खाल्लं.’

‘कोणी?’

‘ठमीनं.’

‘तिचं तिला विचारीन. तुमचं विचारतेय.’

मी दार ओढून घेतलं. पण फट हळूहळू मोठी झाली. किती दिवसांनी ते आठवत नाही, मी खुर्ची ओढून पूर्ण दार उघडून जेवत होतो आणि तिला सांगत होतो की कालवणात मीठ कमी आहे. आणि मधेच माझ्या लक्षात आलं. दाराच्या अलीकडे एक ताट, पलीकडे एक. घास हातात राहिला.

‘मला मांजर समजलात काय तुम्ही?’

‘नाही,’ ती म्हणाली. ‘मांजर लवकर शिकतं.’

त्या दिवशी मी आमचं मधलं दारही उघडलं. बारक्या बाहेर आला, ठमीनं त्याला एक ठेवून दिली, तो पाठीवर पडून राहिला. तिनं त्याच्या डोक्याचा वास घेतला, आणि जाऊन त्याच्या वाटीतलं खाल्लं. त्यानं तिच्या वाटीतलं खाल्लं. सुमनबाई उंबऱ्यातून बघत होती. ‘लाइन लागली,’ एवढंच म्हणाली. किल्ली मी तिला परत दिली. माफी मी मागितली नाही आणि तिनंही मागितली नाही.

आता ते गेटचं. पावसाच्या आधी आमचा रस्ता खणून ठेवला. आत घालायला बंदी, म्हणून ही बाई त्या खणलेल्या रस्त्याच्या कडेला उभी राहून मांजरांना घालायची. माती सरकली, पडली, खुब्याचं हाड मोडलं. गेटच्या आत सपाट फरशी आहे. तिथं कोणी पडत नाही. सेक्रेटरी हॉस्पिटलात सफरचंदं घेऊन गेलेला. तिनं त्याला म्हटलं, ‘वास येत नाही ना ह्यांना?’

तिचा भाचा तिला दिव्याला घेऊन गेला. भावाचा मुलगा, वाईट नाही. पण दोन खोल्या, पाणी टँकरचं, नवरा-बायको दोघं नोकरीला. मांजर ठेवायचं नावच नको. तिच्यामागे गेटबाहेर सुकट मी घालायला लागलो. आता गेटच्या आत घालतो. घ्या सह्या.

भाच्याचा फोन आला, आत्या जेवत नाही, बोलत नाही, कोणी भेटायला आलं तर भिंतीकडे तोंड करते. मी ज्वारीची भाकरी केली. करपली. चटणी घेतली आणि बारक्या झोपतो तो पातळाचा तुकडा पिशवीत घातला. दिव्याला उतरलो, बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या होत्या, त्यांच्यातून वाट काढत वर गेलो.

ती आतल्या खोलीत पलंगावर, भिंतीकडे तोंड. भाच्याची बायको म्हणाली, ‘आत्या, बघा कोण आलंय.’ पाठ हलली नाही. मी आत गेलो नाही. खोलीच्या उंबऱ्यात बसलो, डबा उघडला आणि खायला लागलो. भाच्याची बायको माझ्याकडे बघत राहिली, म्हातारा भ्रमिष्ट आहे की काय म्हणून.

बऱ्याच वेळानं भिंतीकडून आवाज आला. ‘साळवी, भाकरी करपलीय.’

‘खायची तर खा.’

ती वळली. तोंड एवढंसं झालेलं. मी अर्धी भाकरी पलंगाच्या कडेला ठेवली, पिशवीतला तुकडा बाजूला ठेवला आणि परत उंबऱ्यात येऊन बसलो. तिनं आधी कापड उचललं आणि नाकाला लावलं.

‘बारक्याचा येतो ना वास?’ मी म्हणालो. ‘मांजराचाच येणार. इंदूचा गेला. तुम्ही फाडलंत तेव्हाच गेला.’

‘इंदूचा येतोय अजून,’ ती म्हणाली. ‘तुम्ही त्याच्यातच राहता, म्हणून तुम्हाला येत नाही.’

मी खाली मान घालून डब्यातलं संपवलं. तिनं अर्धी भाकरी खाल्ली, करपलेल्या कडा काढून ठेवल्या.

निघताना दारातून वळून बघितलं. भाच्याची बायको पलंग आवरत होती, चांगल्या मनानं. म्हणाली, ‘आत्या, हे फडकं मळलंय, धुवायला टाकते,’ आणि हात पुढे केला. सुमनबाईनं तो तुकडा ओढून अंगाखाली घेतला, मोडकं हाड तसंच सरकवून त्याच्यावर पुरती बसली, आणि त्या पोरीकडे अशी बघायला लागली की तिचा हात मधेच थांबला.

‘बोला,’ सुमनबाई म्हणाली.

मनमिळाऊ म्हणे.